छिन्नीची एक खूण

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून कन्हानला आला तो पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि वायरी जास्त घेऊन. फराळाची बशी पुढे ठेवली तरी त्याचं लक्ष पडवीतल्या येझदीकडेच. चकली मोडता मोडता म्हणाला, "आबा, या वेळी हिचे पॉइंट काढून टाकू. मी प्रोग्रामेबल इग्निशन आणलंय."

आता मी पडलो मराठी माध्यमातला बी.ए. पारशिवनी तालुक्यातल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात उभी हयात गेली. प्रोग्राम म्हटलं की मला अजून स्नेहसंमेलनाचा कार्यक्रमच आठवतो. पण 'पॉइंट काढून टाकू' एवढं मात्र बरोबर कळलं आणि हातातला लाडू बशीत परत ठेवला. कारण त्या पॉइंटच्या प्लेटवर छिन्नीने मारलेली एक बारीक खूण आहे आणि ती माझ्या धाकट्या भावाने, बापूने, मारलेली आहे. बापू २००९ साली गेला. जाण्याच्या बऱ्याच आधी त्याने बजावून ठेवलं होतं, "दादा, याले कोणाले हात लावू देऊ नको." मी लावू दिला नव्हता.

बापूचं गॅरेज इथेच, महामार्गाला लागून होतं. कन्हान ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरहून जबलपूरकडे निघालं की कामठीची छावणी मागे पडते, नदीचा पूल लागतो आणि पूल उतरला की आमचं गाव. कोळशाच्या खाणी, मॅंगनीजचा धंदा, चहाचा कारखाना, रामटेकला फाटा फुटणारं रेल्वेचं जंक्शन. म्हणजे ट्रक आले, खाणीतल्या पाळ्या आल्या आणि पाळीवर जाणाऱ्यांच्या मोटरसायकली आल्या. राजदूत, येझदी, पुढे आरएक्स. सगळ्या टू-स्ट्रोक, सगळ्या निळा धूर सोडणाऱ्या. बापूला काम कधी कमी पडलं नाही.

नातवाला मी म्हटलं, आधी मला समजावून सांग की तू नेमकं काय काढणार आणि काय बसवणार. मग ठरवू. त्याने सांगितलं, मी वहीत टिपून घेतलं. ज्या विषयाचं आपल्याला काही कळत नाही त्याचा इतिहास आधी वाचावा ही जुनी खोड. त्यामुळे तो गेल्यावरही मी वाचत राहिलो. त्यातलं थोडं इथे मांडतो.

टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, प्लगमध्ये ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन खाली जातो. प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या. मिश्रण एका झटक्यात जळत नाही, ज्योत पसरायला थोडा वेळ लागतो. म्हणून ठिणगी पिस्टन पार वर पोचण्याच्या जरा आधी पाडावी लागते. किती आधी, हाच सगळा प्रश्न. फार आधी पडली तर पिस्टन वर येत असतानाच स्फोटाचा दाब डोक्यावर बसतो, इंजिन टणटण वाजतं, तापतं. उशिरा पडली तर ताकद अर्धी सायलेन्सरातून वाया जाते. हे 'आधी' मिलिमीटरमध्ये मोजतात (पिस्टन टोकापासून किती खाली असताना), नाहीतर क्रॅंकच्या अंशांत. आमच्या येझदीचा पिस्टन ७५ मिलिमीटर वरखाली होतो. टोकाजवळच्या त्या भागात एका मिलिमीटरचा फरक म्हणजे चारएक अंश, आणि ४००० फेऱ्यांना चार अंश म्हणजे सेकंदाचा सहा हजारावा भाग. मी गणित तीनदा करून पाहिलं!

हा निर्णय, ठिणगी केव्हा पडावी हा, कोणी घ्यायचा? मला या सगळ्या इतिहासात रस वाटला तो याच प्रश्नामुळे. फार जुन्या मोटरसायकलींवर तो चालवणारा स्वतः घेत असे. हॅंडलवर एक छोटी दांडी असायची. किक मारताना ती मागे घ्यायची, गाडीने वेग धरला की पुढे. माझे वडील कामठीच्या छावणीतल्या बीएसए गाड्यांबद्दल सांगायचे. दांडी मागे घ्यायला विसरलं तर किक उलटी फिरून पाय मोडायची. त्या गाड्यांत मॅग्नेटो असे. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय फिरत्या चुंबकातून वीज काढणारं यंत्र. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि प्लगमध्ये सरळ ठिणगी पाडता येऊ लागली. आपल्याकडे ज्याला सगळे 'मायको'चा प्लग म्हणत ती बंगळूरची मायको याच बॉशची, १९५१ सालची.

पुढे दांडी गेली. छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये तर वेळ कायमची एकच ठेवली. क्रॅंकवर एक उंचवटा, तो फिरता फिरता पॉइंटची जोडी उघडतो, उघडली की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. प्लेट थोडी या बाजूला सरकवली की ठिणगी लवकर, त्या बाजूला सरकवली की उशिरा. एकदा स्क्रू आवळला की तीच वेळ, गाडी रांगेत हळू चालो की मोकळ्या रस्त्यावर भरधाव. म्हणजे निर्णय चालवणाऱ्याच्या हातून गेला आणि मेकॅनिकच्या हातात आला.

बापूच्या हातात तो कसा होता ते मी पाहिलेलं आहे. प्लग काढायचा, त्या भोकातून सायकलचा स्पोक आत सोडायचा. स्पोकवर कानशीने पाडलेल्या खाचा. पॉइंटच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटावरची पातळ पन्नी धरायची आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. पन्नी ज्या क्षणी सैल होऊन हातात आली तो ठिणगीचा क्षण. तेव्हा स्पोकची कोणती खाच कुठे आहे ते बघायचं. बापू सिगारेट ओढत नसे, पण खिशात पन्नी नेहमी. आमच्या आईला तो शेवटपर्यंत संशय होता!

येझदीची कुळकथा बहुतेकांना ठाऊक असेल. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या गृहस्थाने वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून १९२९ मध्ये जावा जन्माला आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रुस्तम इराणींच्या आयडियल जावा कंपनीमार्फत मैसूरला आली आणि सत्तरच्या दशकात येझदी झाली. किकचाच गिअर होतो हे बघायला लहान मुलं गोळा होत. ६ व्होल्टचा डायनॅमो आणि त्याला जोडून पॉइंट. १९९६ ला मैसूरचा कारखाना बंद पडला. आता त्या नावाच्या नव्या गाड्या निघतात, पण त्या फोर-स्ट्रोक. आवाज ऐकला की कळतं.

आता जरा लांब, जर्मनीत जाऊन यावं लागेल. ठिणगीची वेळ कायमची एकच असून का भागेना, हे समजून घ्यायचं तर पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावच्या एमझेड कारखान्याकडे बघायला हवं. तिथे वाल्टर काडेन नावाचा अभियंता होता. टू-स्ट्रोकमध्ये झडपा नसतात, त्यामुळे आलेलं ताजं मिश्रण जळक्या धुराबरोबर बाहेर पळून जातं. काडेनने सायलेन्सरचा पोटफुग्या आकार असा जमवला की धुराबरोबर गेलेली दाबाची लाट मागे परतते आणि पळणारं मिश्रण पुन्हा आत ढकलते. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे २०० अश्वशक्ती, आणि तीही हवा दाबून भरणारा पंप न लावता! खिशात पैसा नसलेल्या कारखान्यात हे घडलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीत एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर, जो त्या वर्षीचं जगज्जेतेपद जिंकण्याच्या बेतात होता, शर्यत संपल्यावर परत गेलाच नाही. बायकामुलांना आधीच चोरून पश्चिमेला काढण्याची व्यवस्था झाली होती. काडेनची विद्या घेऊन तो सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीचं, स्वार डेग्नर. काडेन मात्र चोपाऊतच राहिला. वर्गात मी शीतयुद्ध शिकवलं ते क्षेपणास्त्रं आणि करार यांच्यातून. सायलेन्सरच्या नळीतूनही ते शिकवता आलं असतं हे आता कळून काय उपयोग!

तर, ही पोटफुगी नळी एका ठरावीक वेगालाच सूर धरते. तिथे सिलिंडर गच्च भरतं, मिश्रण लवकर जळतं, म्हणून ठिणगी थोडी उशिरा हवी. त्याहून जास्त वेगाला ठिणगी आणखी उशिरा पाडली तर जास्त उष्णता नळीत जाते, तापलेल्या धुरात लाट वेगाने धावते आणि नळी वरच्या वेगालाही साथ देते. म्हणजे ठिणगीची वेळ बदलून सायलेन्सर जणू लांबआखूड करता येतो. नातवाने हे सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. खरंच तसंच आहे. पण स्क्रूने आवळलेल्या प्लेटला हे कसं जमणार?

मग आला सीडीआयचा डबा. १९६९ च्या कावासाकी एच-१ या तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकने तो मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आणला. यात पॉइंट नाहीत. फिरत्या चुंबकाजवळ एक छोटी कॉइल बसते, ती इशारा देते आणि दोनतीनशे व्होल्टला भरून ठेवलेला कपॅसिटर एकदम कॉइलमध्ये रिकामा होतो. ठिणगी क्षणभराचीच, पण इतकी झटकन की तेलकट झालेला प्लगही पेटतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेल जळतं, प्लग तेलकट होणं हे रोजचं दुखणं. त्यामुळे हा डबा टू-स्ट्रोकला वरदान ठरला.

आमच्या गावात 'सीडीआय' हा शब्द आला तो १९८५ मध्ये निघालेल्या यामाहा आरएक्स १०० बरोबर. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. खाणीतल्या तरुण पोरांनी राजदूत विकून ती घेतली. बापूने पहिल्यांदा तिचा डबा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "याच्यात उघडाले काहीच नाही." सगळं डांबरासारख्या लेपात बुडवलेलं. बिघडला तर फेका, नवा बसवा. निर्णय आता मेकॅनिकच्याही हातून गेला आणि कारखान्याच्या डब्यात बंद झाला. बापूला आरएक्स आवडायची, तो डबा कधी आवडला नाही.

१९९६ च्या प्रदूषणाच्या नियमांनंतर आरएक्स १०० बंद झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत टू-स्ट्रोक मोटरसायकली दुकानांतून गेल्याच. पण गेल्या त्या दुकानांतून. कोल्हापूरकडे आरएक्सचं वेड अजून आहे म्हणतात, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावचे जावा-येझदीवाले एकत्र जमतात. गाडी जुनी, सुटे भाग मिळेनासे झालेले आणि चालवणारे संगणक शिकलेले. अशा लोकांसाठी हे प्रोग्रामेबल डबे निघाले. चेक देशातली इग्निटेक, स्लोव्हेनियातली झीलट्रॉनिक ही त्यातली जाणकारांत चालणारी नावं. नातवाने आणला तो डबा चेक. ज्या देशातून जावा आली तिथूनच तिची नवी ठिणगी यावी याची मला उगाच गंमत वाटली.

या डब्यात काय असतं? एक तक्ता. एका बाजूला मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूला अंश. १००० फेऱ्यांना इतके, २००० ला इतके, असं भरत जायचं. इशाऱ्याची कॉइल दर फेऱ्याला टिचकी देते, दोन टिचक्यांमधल्या वेळावरून डबा वेग ओळखतो, तक्त्यात बघतो आणि मधले आकडे स्वतः काढून ठिणगी सोडतो. तक्ता लॅपटॉपला वायर जोडून बदलता येतो. म्हणजे निर्णय पुन्हा माणसाच्या हातात, आणि चूकसुद्धा. कारखान्याचा डबा मूर्खपणा करू देत नव्हता, हा करू देतो. वरच्या वेगाला कोणी हौसेने चारदोन अंश जास्त भरले की पिस्टनला भोक ठरलेलं. नातू प्रामाणिक आहे. त्याने हेही सांगितलं की शर्यतीच्या आरडी किंवा आरएक्सला यातून जो फायदा होतो तो आपल्या संथ येझदीला नाही. तिला मिळणार ते म्हणजे पहिल्या किकला सुरू होणं, स्थिर आयडलिंग आणि पॉइंट घासण्यातून सुटका. त्यासाठीही ६ व्होल्टचा डायनॅमो काढून १२ व्होल्टचा बसवायचा.

(कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदलेल्या तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी ठणकावून सांगितलं. आमच्या आरसी बुकात ठिणगीचा रकाना नाही. त्यातून काय अर्थ काढायचा तो वकिलांनी काढावा.)

आता पिस्टनच्या भोकाचं. ते मी स्वतः पाडून घेतलेलं आहे.

साल १९९२, कार्तिक पौर्णिमा. रामटेकच्या यात्रेला मी आणि सौ. येझदीवर निघालो होतो. त्याच्या आठवडाभर आधी नागपुरात एका मेकॅनिककडे मी गाडी दाखवली होती. बापूच्या हातची गाडी पिकअपला मंद वाटते, ही माझी तक्रार. बापूला सांगितलं की तो हसून सोडून द्यायचा. नागपूरच्या माणसाने टायमिंग पाहिलं, "फारच मागे आहे गुरुजी," म्हणाला आणि पुढे घेतलं. गाडी उडायला लागली! मी खूष. यात्रेच्या दिवशी महामार्गावर एके ठिकाणी टाकी भरली आणि निघालो. मनसर सोडल्यावर चढाला टणटण असा आवाज यायला लागला, काचेच्या बरणीत खडे हलवावेत तसा. मी दुर्लक्ष केलं. फर्लांगभरात फट् झालं आणि सगळं शांत. किक लोण्यासारखी खाली जायला लागली.

सौ. यात्रेला जाणाऱ्या बैलगाडीत बसून पुढे गेली. तिने रामाचं दर्शन घेतलं, मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. संध्याकाळी बापू टेम्पो घेऊन आला. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हेड उघडलं तर पिस्टनच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक, कडा वितळलेल्या. त्याने तो पिस्टन माझ्या टेबलावर आणून ठेवला. अजून आहे, मी त्यात पेनं ठेवतो.

नवा पिस्टन बसवल्यावर बापूने टायमिंग लावलं, छिन्नी घेतली आणि प्लेटवर व बाजूच्या केसिंगवर मिळून एक आडवी रेघ मारली. "दादा, याले कोणाले हात लावू देऊ नको." का, ते मी विचारलं नाही. मोठ्या भावाने चूक केल्यावर धाकट्याला कारणं विचारायची नसतात. गाडी पुन्हा मंद झाली आणि मंदच राहिली.

म्हणून नातवाला मी अट घातली. काढायचं ते काढ, पण आधी ती खूण मोजून दे. त्याने प्लगच्या जागी डायल गेज बसवलं, पॉइंटला मल्टिमीटर लावलं. मी आपली फराळाच्या पुड्याची पन्नी फाडून दिली, तीही लावून बघितली. आकडा आला तो पुस्तकात दिलेल्यापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटरने कमी. म्हणजे ठिणगी चार अंश उशिरा.

"बापूआजोबांचं चुकलं होतं," नातू म्हणाला. मग स्वतःच थांबला. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी आपोआप उशिरा पडते, म्हणजे हा फरक नुसता झिजेचाही असू शकतो. मला त्याचं कौतुक वाटलं. साधन हाती आलं की आधी ते अस्सल आहे की काळाने बिघडलं आहे हे तपासायचं, हे मी वर्गात ताम्रपटांबद्दल सांगत असे. त्याने फीलर गेजने फट नीट केली, छिन्नीची रेघ रेघेला जुळवली आणि पुन्हा मोजलं. फरक थोडा कमी झाला, पण राहिला. बापूने मुद्दामच उशिरा लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर गेलो. बापूच्या हाताखाली वाढलेला एक जण आता तिथे चहाची टपरी चालवतो. त्याला विचारलं. तो गाळणी खाली न ठेवता म्हणाला, "गुरुजी, तवा सगळ्याच गाड्याईचं भाऊ मांगंच ठेवत. पेट्रोलमधी घासलेट राहे ना!"

झालं. तीसेक वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट एका वाक्यात उलगडली. रेशनचं निळं घासलेट सरकारी मदतीमुळे स्वस्त, पेट्रोल त्याच्या कितीतरी पट महाग. मधला फरक खिशात घालणारे महामार्गावर कमी नव्हते. घासलेट मिसळलं की पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची ताकद, ज्याला ऑक्टेन म्हणतात, खाली येते. ठिणगी पुस्तकातल्या वेळेला पाडली तर मिश्रण स्वतःहून फुटतं. टू-स्ट्रोकचा धूर मुळातच निळा, त्यामुळे भेसळीचा धूर कोणाला ओळखूही यायचा नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने पंपावर पेट्रोलच मिळेल असं धरलं होतं. बापूने तसं धरलं नाही. तो पंपाशी भांडू शकत नव्हता, म्हणून प्लेट एक मिलिमीटर सरकवली आणि गिऱ्हाइकांचे टोमणे ऐकले. त्यात माझेही.

भांडणाऱ्यांचं काय होत होतं तेही आपण पाहिलं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेलाची भेसळ चालली असताना गाडी थांबवली आणि त्यांना दिवसाढवळ्या जाळून मारण्यात आलं. तेव्हा बापू नव्हता. ती बातमी मी वाचली होती, हळहळलो होतो. पण तिचा आणि आमच्या पडवीतल्या गाडीचा काही संबंध असेल हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

राजवटींचे आदेश, सनदा, शिलालेख जपले जातात. मेकॅनिकची खूण कोण जपणार? कन्हानच्या नाक्यावर त्या काळात शेकडो गाड्यांचं टायमिंग असं मागे घेतलेलं असेल. त्या भंगारात गेल्या, वितळल्या. भेसळीचा हा पुरावा पडवीतल्या एका गाडीत तग धरून राहिला, तोही माझ्या आज्ञाधारकपणामुळे, समजुतीमुळे नव्हे.

नातू म्हणाला, आता परिस्थिती उलट आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. आमच्या नागपूरच्या गडकरीसाहेबांनी ज्याचा ध्यास घेतला तेच. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, म्हणजे ठिणगी मागे ठेवायचं कारण उरलं नाही. पण त्याने मिश्रण विरळ होतं आणि विरळ मिश्रणाने टू-स्ट्रोक तापतं. त्यासाठी कार्बुरेटरचं जेट मोठं करावं लागेल, ते काही डब्यातून होणार नाही. रबरी नळ्याही बदलाव्या लागतील. मला वाटलं, हे बापूने कोणाचं न ऐकताच ओळखलं असतं. पहिला पिस्टन उघडून, त्याचा रंग बघून.

शेवटी मी परवानगी दिली. भाऊबीजेच्या दिवशी प्लेट निघाली, डायनॅमो बदलला, डबा सीटखाली गेला. लॅपटॉपवर नातवाने पुण्याहून तयार करून आणलेली वक्ररेषा दाखवली. सुरुवातीला खाली, मग चढ, मग उतार, सातपुड्याच्या रांगेसारखी. मी म्हटलं, ही उद्या घाल. आज बापूचा आकडा घाल. सगळ्या वेगांना तोच.

"पण मग डबा कशाला बसवला, आबा?" त्याचं बरोबर होतं. तरी त्याने घातला. पडद्यावर एक सरळ आडवी रेघ आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही कामठीपर्यंत जाऊन आलो, तो चालवत आणि मी मागे. पुलावर वारा होता. गाडी तशीच मंद, तसाच आवाज, फक्त पहिल्या किकला सुरू झाली एवढंच वेगळं. दुसऱ्या दिवशी त्याने त्याची रेषा घातली आणि एकटाच मनसरपर्यंत जाऊन आला. आल्यावर प्लग काढून मला दाखवला. बिस्किटासारखा तपकिरी. चांगला असतो म्हणे.

प्लेट मी पेट्रोलने पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली आहे, आणि सोबत एका चिठ्ठीवर तारीख, मोजलेला आकडा आणि टपरीवाल्याचं वाक्य लिहून ठेवलं आहे. बापूच्या लेकीने ती मागितली आहे. ती संक्रांतीला येईल तेव्हा देईन.